घटस्फोटानंतर कुटुंब निवृत्तिवेतन कोणाला? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

पोटगीविषयीची पत्रे या सदराकडे नेहमीच येतात. अलीकडे मात्र त्यांच्या जोडीला आणखी एक प्रश्न सतत विचारला जात आहे : घटस्फोटित पतीच्या किंवा पत्नीच्या निधनानंतर मागे राहिलेल्या व्यक्तीला कुटुंब निवृत्तिवेतन, म्हणजे ज्याला आपण बोलताना फॅमिली पेन्शन म्हणतो ते, मिळते का? नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून आलेली अशी काही पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. नावे गाळली आहेत आणि पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझे वय ५९ आहे. २६ वर्षांच्या संसारानंतर २०१६ साली नाशिकच्या कुटुंब न्यायालयात परस्परसंमतीने आमचा घटस्फोट झाला. पती राज्य शासनाच्या जलसंपदा विभागातून निवृत्त झाले होते व दरमहा ९,००० रुपये पोटगी देत होते. यंदा फेब्रुवारीत ते वारले. त्यांनी दुसरे लग्न केले नव्हते, मीही केलेले नाही. त्यांच्या पीपीओवर, म्हणजे निवृत्तिवेतन देण्याच्या आदेशावर, आजही माझे नाव आणि आमचा एकत्र फोटो आहे. तडजोडीच्या अटींमध्ये ‘पत्नीचा निवृत्तिवेतनविषयक हक्क अबाधित राहील’ असे वाक्यही आहे. तरीही घटस्फोटाचे कळताच कोषागारात अर्ज घेतला नाही. न्यू जर्सीला असलेली माझी बहीण सांगते की, लग्न १० वर्षे टिकलेले असेल तर घटस्फोटितेलाही पेन्शन मिळते. माझा हक्क नेमका काय? (नाशिकरोड)

उत्तर : आपल्याला मिळालेले उत्तर कटू असले तरी नियमाला धरून आहे. राज्य शासकीय कर्मचाऱ्यांचे कुटुंब निवृत्तिवेतन महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ यांमधील नियम ११६ प्रमाणे ठरते. त्या नियमात ‘कुटुंब’ म्हणजे कोण हे सांगितलेले आहे. पुरुष कर्मचाऱ्याची पत्नी, स्त्री कर्मचाऱ्याचा पती, आणि न्यायालयाच्या आदेशाने विभक्त राहणारी पत्नी किंवा पती हे त्यात येतात. ती विभक्तता व्यभिचाराच्या कारणावरून दिलेली नसावी आणि मागे राहिलेली व्यक्ती त्यात दोषी ठरलेली नसावी, एवढीच अट आहे. घटस्फोटित पत्नी या व्याख्येत नाही. ज्या दिवशी कर्मचारी किंवा निवृत्तिवेतनधारक मरण पावतो, त्या दिवशी विवाह कायद्याने अस्तित्वात होता का, एवढेच पाहिले जाते. संसार किती वर्षे झाला, घटस्फोट कोणाच्या चुकीने झाला, नंतर कोणी पुन्हा लग्न केले की नाही, यांपैकी कशाचाही विचार नियमात नाही.

पीपीओवरील नावाचा आधार घेता येणार नाही. ते नाव त्या वेळी आपण पत्नी होता म्हणून नोंदले गेले. पत्नी हे नाते संपल्यावर नोंद तशीच राहून गेली, म्हणून हक्क निर्माण होत नाही. घटस्फोट झाल्यावर निवृत्तिवेतनधारकाने हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत आपल्या मूळ कार्यालयामार्फत महालेखापाल कार्यालयाकडे पाठवून नोंद दुरुस्त करून घ्यायची असते, आणि हे काम बहुतेक लोक करीत नाहीत. त्यामुळे बँकेला घटस्फोटाची माहिती नसल्याने अशा स्त्रीला काही काळ पेन्शन सुरूही होते. कळल्यावर ती सर्व रक्कम वसूल केली जाते, आणि माहिती दडवून अर्ज केला असेल तर फौजदारी प्रकरणही उभे राहू शकते. आपण कोषागारात घटस्फोट लपवला नाही, हे योग्यच केले.

तडजोडीतील वाक्याचे काय? तो करार पती आणि पत्नी यांच्यातला असतो व शासन त्यात पक्षकार नसते. कुटुंब निवृत्तिवेतन ही कर्मचाऱ्याची मालमत्ता नसल्यामुळे तो ते मृत्युपत्राने कोणाला देऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली स्पष्ट केलेले आहे. जे त्याला मृत्युपत्राने देता येत नाही, ते तडजोडीच्या अटींनीही देता येत नाही. असली वाक्ये मसुद्यात घालणाऱ्या वकीलमंडळींविषयी मला तक्रार आहे. अशील निश्चिंत होतो, पुढची १०-१५ वर्षे काहीही बिघडत नाही, आणि वाक्य पोकळ होते हे कळते तेव्हा दुरुस्तीला वाव उरलेला नसतो.

आपल्या बहिणीचे म्हणणे तिच्या देशापुरते खरे आहे. अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी व्यवस्थेत विवाह किमान १० वर्षे टिकलेला असेल, तर घटस्फोटित जोडीदाराला माजी जोडीदाराच्या मृत्यूनंतर साधारणपणे वयाच्या ६० व्या वर्षापासून लाभ मागता येतो, आणि ६० नंतर पुनर्विवाह केला तरी तो जात नाही. आपल्याकडे अशी तरतूद राज्याच्या नियमांत नाही, केंद्राच्याही नाही. ती असावी असे माझे मत आहे, कारण २६ वर्षे घर सांभाळणाऱ्या स्त्रीचा नवऱ्याच्या नोकरीत काहीच वाटा नव्हता असे म्हणणे वस्तुस्थितीला सोडून आहे. पण आज अर्ज करायचा तो आजच्या नियमाप्रमाणेच.

गोंधळ होण्याचे आणखी एक कारण आहे. पोटगीच्या कायद्यात पुनर्विवाह न केलेली घटस्फोटिता ‘पत्नी’च मानली जाते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये तसे होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्येही आहे. त्यामुळे पोटगीला पात्र असलेली स्त्री पेन्शनलाही पात्र असणार, असे सहज वाटते. प्रत्यक्षात पोटगीचा हेतू निराधार होऊ नये हा आहे, तर पेन्शनचे नियम सेवाशर्तींचा भाग आहेत, आणि एका कायद्यातील व्याख्या दुसऱ्यात नेता येत नाही.

मग आपल्या हाती काय राहते? फेब्रुवारीपूर्वीची पोटगी थकलेली असेल तर ती थकबाकी म्हणजे त्यांच्यावरचे ऋण आहे, आणि त्यांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेतून, म्हणजे वारसांच्या हाती आलेल्या मालमत्तेपुरते, ते वसूल करता येते. पुढची पोटगी मात्र सर्वसाधारणपणे देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर थांबते. याला महत्त्वाचा अपवाद असा की, न्यायालयाने हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ प्रमाणे त्यांच्या एखाद्या स्थावर मिळकतीवर पोटगीचा बोजा ठेवला असेल, म्हणजे पोटगी त्या मिळकतीतून वसूल करता येईल असे ठरवले असेल, तर तो मिळकतीबरोबर राहतो. आपला हुकूमनामा पुन्हा एकदा नीट वाचून घ्या आणि बोजाचे कलम आहे का ते पाहा. तसेच आपले एखादे अपत्य दिव्यांग असून स्वतःचा चरितार्थ चालवू शकत नसेल, तर त्याचा कुटुंब निवृत्तिवेतनाचा हक्क स्वतंत्र आहे. आईचा घटस्फोट झाला म्हणून मुलाचे वडिलांशी असलेले नाते संपत नाही.

प्रश्न : १९९८ साली नवऱ्याने पंचांसमोर शंभर रुपयांच्या स्टँपवर सोडचिठ्ठी लिहून घेतली आणि मला माहेरी पाठवले. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. नंतर त्यांनी दुसरे लग्न केले. त्या बाईंना दोन मुले आहेत. मागच्या वर्षी ते वारले. आता दुसऱ्या बाई पेन्शन मागत आहेत. माझी तर सोडचिठ्ठी झालेली. मला काही बोलता येईल का? (सिन्नर तालुका)

उत्तर : आपल्याला बोलता येईल, आणि लवकर बोलले पाहिजे. आपण स्वतःला घटस्फोटित समजता, पण कायद्याच्या दृष्टीने बहुधा तसे नाही. हिंदू विवाह न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच संपतो. याला कलम २९(२) चा अपवाद आहे तो रूढीने होणाऱ्या घटस्फोटाचा. एखाद्या समाजात काडीमोड घेण्याची जुनी, सातत्याने पाळलेली आणि मान्य असलेली रूढी असेल तर कायदा ती जपतो; परंतु अशी रूढी आमच्या समाजात होती आणि तिच्या पद्धतीप्रमाणेच फारकत झाली, हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर असते. नुसता स्टँपपेपर आणि पंचांच्या सह्या यांनी ती पार पडत नाही. मुद्रांक विक्रेता कागद विकतो. त्यावर काय लिहिले म्हणजे लग्न मोडते, हे त्याच्या हातात नसते.

रूढी सिद्ध झाली नाही, तर आपला विवाह त्यांच्या मृत्यूपर्यंत कायम होता, आपण त्यांच्या विधवा आहात, आणि त्यांचे दुसरे लग्न पहिली पत्नी हयात असताना झाल्यामुळे शून्यवत आहे. अशा दुसऱ्या पत्नीला राज्याच्या निवृत्तिवेतन नियमांखाली कुटुंब निवृत्तिवेतन मागता येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २०१९ साली दिलेला आहे. त्यांच्या मुलांचे मात्र तसे नाही. विवाह शून्यवत असला तरी त्यातून जन्मलेली मुले हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ प्रमाणे औरस ठरतात, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००० साली बिहारमधील एका प्रकरणात अशा मुलांचा निवृत्तिवेतनातील वाटा मान्य केला आहे. म्हणून भांडण त्या दोन मुलांशी नाही, हे मनाशी पक्के धरून पुढची पावले टाका.

पहिले पाऊल म्हणजे पंचायत समितीतील गटशिक्षणाधिकारी आणि जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग यांच्याकडे लेखी हरकत द्या, तिची पोच घ्या, आणि सोबत लग्नाची पत्रिका, जुने रेशनकार्ड, मतदार यादीतील नाव, मुले असल्यास त्यांचे शाळेचे दाखले, असा जो पुरावा असेल तो जोडा. सेवापुस्तकात सुरुवातीला पत्नी म्हणून कोणाचे नाव लिहिले होते, हे माहितीच्या अधिकारात मागवता येते. १९९८ पूर्वीच्या नोंदी आपल्या उपयोगी पडतील. वाद आहे म्हटल्यावर कार्यालय बहुधा न्यायालयाचा निर्णय आणा असे सांगेल. तेव्हा आपण त्यांची कायदेशीर पत्नी होता असे जाहीर करून मागणारा दावा अधिकारक्षेत्र असलेल्या न्यायालयात दाखल करावा लागेल. पुष्कळ ठिकाणी वारसा प्रमाणपत्र आणायला सांगतात. ते देण्याघेण्याच्या रकमांसाठी उपयोगी असते. विवाह वैध होता का, या प्रश्नाचे अंतिम उत्तर त्याने मिळत नाही. उत्पन्नाची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना, त्यांचे उत्पन्न कितीही असो, विनामूल्य वकील मिळतो.

प्रश्न : पती केंद्र सरकारच्या नोकरीत होते. आम्ही बरीच वर्षे वेगळे राहत होतो. त्यांच्या मृत्यूनंतर कार्यालयात गेले तेव्हा समजले की त्यांनी २०१९ मध्ये एकतर्फी घटस्फोट घेतला होता. समन्स माझ्या जुन्या, सोडून दिलेल्या पत्त्यावर पाठवले होते. आता ते हयात नाहीत, तर काही करता येईल का? (पंचवटी)

उत्तर : करता येते, फक्त घाई करावी लागेल. समन्स रीतसर बजावले गेले नसेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९, नियम १३ खाली एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज ज्या न्यायालयाने तो दिला तिथेच करता येतो. पती वारल्यावर असा अर्ज चालतो का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे नव्वदच्या दशकात आला होता, आणि घटस्फोटाच्या हुकूमनाम्याचा परिणाम पत्नीच्या दर्जावर आणि मालमत्तेच्या हक्कांवर होत असल्यामुळे मृत्यूनंतरही अर्ज चालतो, असे न्यायालयाने ठरवले. हुकूमनामा रद्द झाला की घटस्फोट मागणारी व्यक्तीच हयात नसल्याने मूळ अर्ज पुढे चालत नाही, आणि आपण विधवा म्हणून केंद्राच्या नियमांप्रमाणे निवृत्तिवेतन मागू शकता.

मुदत हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून ३० दिवसांची असते. त्यामुळे कार्यालयात आपल्याला नेमके कोणत्या तारखेला कळले, हे लेखी स्वरूपात असणे फार मोलाचे आहे. आपण दिलेल्या अर्जाची पोच किंवा कार्यालयाचे पत्र जपून ठेवा. मुदत उलटली असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत द्यावा लागतो, आणि त्यात प्रत्येक टप्प्यावरील उशिराचे कारण सांगावे लागते. २०१९ मध्ये आपण कुठे राहत होता याचा पुरावा, उदाहरणार्थ वीजबिल, गॅसची नोंद, आधारकार्डावरील पत्ताबदल, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे पतीला आपला नवा पत्ता माहीत होता हे दाखवणारा एखादा कागद किंवा संदेश, यावर हे प्रकरण बरेचसे अवलंबून राहील.

प्रश्न : माझे पती केंद्र सरकारचे कर्मचारी होते. पहिल्या पत्नीशी त्यांचा २००९ मध्ये रीतसर घटस्फोट झाला, त्यानंतर आमचे लग्न झाले. आता कार्यालय म्हणते की पहिल्या पत्नीच्या १९ वर्षांच्या मुलीला पेन्शनचा अर्धा वाटा जाईल. घटस्फोटितेला हक्क नाही, तर तिच्या मुलीला कसा? (इंदिरानगर)

उत्तर : कार्यालय बरोबर सांगत आहे. केंद्राच्या नियमांत याविषयी स्वतंत्र तरतूद आहे. मृत कर्मचाऱ्यामागे विधवा असेल आणि घटस्फोटित पत्नीपासून झालेले पात्र अपत्य असेल, तर त्या आईचा घटस्फोट झाला नसता तर तिला जो वाटा मिळाला असता तो त्या अपत्याला मिळतो. तो आईचा हक्क मुलीकडे आलेला नाही. मुलगी आपल्या पतीचीच मुलगी आहे. तिची पात्रता संपली, उदाहरणार्थ तिचे लग्न झाले किंवा ती कमवू लागली, की तो वाटा लोप पावत नाही, तर आपल्याकडे येतो. तेव्हा या टप्प्यावर वाद न वाढवता कागद पूर्ण करून द्यावेत असे मला वाटते, कारण वादात दोघींचेही पैसे अडकतात.

प्रश्न : मी पोस्ट खात्यात नोकरी करते. पतीविरुद्ध घटस्फोटाचा दावा चालू आहे. निकालापूर्वी माझे काही बरेवाईट झाले तर पेन्शन त्यांना जाऊ नये, मुलांना मिळावी अशी इच्छा आहे. नॉमिनी बदलला की झाले ना? (द्वारका)

उत्तर : केवळ नॉमिनी बदलून हे होत नाही, कारण कुटुंब निवृत्तिवेतन नामनिर्देशनावर चालत नाही, ते नियमातील क्रमाने जाते, आणि त्या क्रमात पती पहिला आहे. परंतु १ जानेवारी २०२४ च्या आदेशाने केंद्र सरकारने आपल्यासारख्या स्त्री कर्मचाऱ्यांसाठी वाट मोकळी केली आहे. घटस्फोटाचा दावा प्रलंबित असेल, किंवा स्त्रीने पतीविरुद्ध कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंध कायदा, हुंडाबंदी कायदा किंवा फौजदारी कायद्याखाली तक्रार केलेली असेल, तर आपल्यामागे कुटुंब निवृत्तिवेतन पतीच्या आधी पात्र अपत्यांना द्यावे, अशी लेखी विनंती कार्यालयप्रमुखांकडे करता येते. प्रकरण चालू असताना मृत्यू झाला तर त्या विनंतीप्रमाणे कार्यवाही होते.

यात एक बारकावा आहे. मुले अल्पवयीन असतील आणि त्यांचा पालक पतीच असेल, तर रक्कम पतीच्याच हाती जाते. तो पालक राहिला नाही तर प्रत्यक्ष पालकाकडे जाते. म्हणून मुलांचा ताबा आणि पालकत्व यांविषयीचा अर्ज मागे ठेवू नका. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या की, मुलांची पात्रता संपल्यावर पती हयात असेल व त्याने पुनर्विवाह केलेला नसेल तर पेन्शन त्याच्याकडे येऊ शकते. ती शक्यता कायमची बंद होते ती घटस्फोटाच्या हुकूमनाम्यानेच. हा आदेश केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. राज्य शासनातील भगिनींनी तो आपल्याला आपोआप लागू आहे असे धरू नये.

प्रश्न : मी अंबडच्या कारखान्यात आहे. घटस्फोटानंतर दुसरे लग्न केले, पण पीएफच्या कागदांवर अजून पहिल्या पत्नीचेच नाव आहे. पेन्शन तिला जाईल का? (अंबड)

उत्तर : कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ मध्ये कुटुंब म्हणजे पती किंवा पत्नी आणि मुले. विधवा निवृत्तिवेतन आपल्या आजच्या पत्नीला मिळेल, जुन्या नावामुळे ते पहिलीकडे जाणार नाही. मुलांना विधवा निवृत्तिवेतनाच्या २५ टक्के दराने, एका वेळी दोन मुलांना, वयाच्या २५ वर्षांपर्यंत वेगळी रक्कम मिळते, आणि पहिल्या लग्नाची मुलेही त्यात मोजली जातात. तरीही ऑनलाइन ई-नॉमिनेशन आजच दुरुस्त करा. पेन्शन नियमाने जाते, पण भविष्य निर्वाह निधीची जमा रक्कम आणि विमा यांत जुने नाव राहिले की दावे अडतात, आणि पत्नीला ऐन दुःखात कार्यालयाच्या खेपा घालाव्या लागतात. आयुर्विम्याच्या पॉलिसीवरील नावही त्याच वेळी तपासा.

प्रश्न : पतीने २०२१ मध्ये मोबाइलवर तीनदा तलाक लिहून पाठवला. ते सरकारी नोकर होते. आता ते नाहीत. सासरचे म्हणतात, तुझा तलाक झालेला आहे. (मालेगाव)

उत्तर : एका दमात दिलेला तीन तलाक सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली रद्दबातल ठरवला, आणि २०१९ च्या कायद्याने तो तोंडी, लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक कोणत्याही रूपात दिला तरी शून्यवत आहे. त्या संदेशाने आपला विवाह संपलेला नाही. त्यानंतर त्यांनी दुसऱ्या रीतीने तलाक दिला असे सासरचे म्हणू लागले, तर ते त्यांना सिद्ध करावे लागेल. त्यासाठी रास्त कारण होते आणि आधी समेटाचा प्रयत्न झाला होता हेही दाखवावे लागते, असे मुंबई उच्च न्यायालयाने २००२ सालीच म्हटलेले आहे. आपण विधवा म्हणून अर्ज करा आणि तो संदेश तारखेसह जपून ठेवा. सासरच्यांच्या म्हणण्याचे उत्तर त्यातच आहे. पतीने आणखी एक विवाह केला असेल आणि तो वैध असेल, तर एकाहून अधिक विधवांना निवृत्तिवेतन समान वाट्याने देण्याची तरतूद नियमांत आहे.

प्रश्न : माझे वय ५४, पतीचे ५७. ते राज्य शासनात आहेत, पुढच्या वर्षी ५८ पूर्ण होऊन निवृत्त होतील. परस्परसंमतीने घटस्फोट घ्यायचा ठरला आहे. मला नोकरी नाही. त्यांच्यामागे पेन्शन मिळणार नसेल तर अटींमध्ये काय लिहून घ्यावे? (गंगापूर रोड)

उत्तर : हा प्रश्न हुकूमनाम्याच्या आधी विचारलात, त्यामुळे आपल्याला अजून निवड करता येते.

पहिला विचार असा की, घटस्फोट हवाच आहे का? वेगळे राहणे पुरेसे असेल तर विवाह कायम राहतो आणि कुटुंब निवृत्तिवेतनाचा हक्कही राहतो. न्यायिक विभक्ततेचा हुकूमनामा घेतला तरी तो राहतो, हे पहिल्या उत्तरात आलेच आहे. मात्र न्यायिक विभक्ततेच्या अर्जाला घटस्फोटासारखीच कारणे द्यावी लागतात, आणि हुकूमनाम्यानंतर वर्षभर सहवास सुरू झाला नाही तर दोघांपैकी कोणीही घटस्फोट मागू शकते. म्हणजे आपले संरक्षण पतीच्या इच्छेवर टिकून राहते. त्यांना पुनर्विवाह करायचा असेल तर हा मार्ग चालणार नाही.

घटस्फोटच घ्यायचा असेल, तर त्यांच्या मृत्यूनंतर मिळणाऱ्या कशावरही विसंबू नका, त्यांच्या हयातीत आपल्या नावावर काय येते ते पाहा. निवृत्तीच्या वेळी उपदान (ग्रॅच्युइटी), रजेचे रोखीकरण, भविष्य निर्वाह निधी, आणि निवृत्तिवेतनाच्या ४० टक्क्यांपर्यंतच्या भागाचे अंशराशीकरण, म्हणजे त्या भागाऐवजी एकरकमी मिळणारे पैसे, अशी मोठी रक्कम हाती येते. एरवी एकरकमी पोटगीसाठी पैसे नाहीत असे सांगणाऱ्या पतीजवळ त्या काही महिन्यांत ते असतात. आपल्या बाबतीत तो काळ वर्षभरावर आला आहे, त्यामुळे संमतीच्या दुसऱ्या अर्जाची आणि रकमेच्या भरण्याची तारीख यांचा मेळ घालता येईल. रक्कम न्यायालयात जमा झाल्यावरच अंतिम संमती नोंदवावी, अशी अट घालणे गैर नाही.

दरमहा पोटगी घ्यायची असेल तर त्यांच्या हयातीत ती पेन्शनमधूनही वसूल होऊ शकते. पेन्शनला जप्तीपासून असलेले संरक्षण पत्नीच्या पोटगीच्या आड येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ साली सांगितले आहे. अडचण त्यांच्या मृत्यूनंतरची आहे. तेव्हा मासिक पोटगीच्या सोबत फ्लॅटवर किंवा जमिनीवर बोजा ठेवण्याचे कलम हुकूमनाम्यात स्पष्ट घ्या, मिळकतीचे पूर्ण वर्णन लिहा, आणि हुकूमनामा मिळताच सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात, मिळकत पत्रिकेवर किंवा गृहनिर्माण संस्थेच्या दप्तरी त्याची नोंद करून घ्या. नोंद नसलेला बोजा खरेदीदाराला दिसत नाही आणि मग भांडण तिसऱ्याच माणसाशी होते. आपण पुनर्विवाह केला तर पोटगीचा आदेश बदलण्याची मागणी होऊ शकते, हेही ध्यानात असू द्या; एकरकमी रक्कम मिळालेली असेल तर ही टांगती तलवार राहत नाही.

विवाह कायम असेपर्यंत एक मार्ग खुला असतो. विवाहित पुरुषाने विवाहित स्त्री संपत्ती कायदा, १८७४ याच्या कलम ६ खाली पत्नीच्या लाभासाठी स्वतःच्या आयुष्याचा विमा उतरवला, तर ती रक्कम पत्नीसाठी न्यास (ट्रस्ट) म्हणून धरली जाते. ती त्याच्या मालमत्तेत मिसळत नाही आणि त्याच्या सावकारांनाही मिळत नाही. ५७ व्या वर्षी हप्ता जड असतो, तेव्हा तो कोण भरणार आणि न भरल्यास काय, हे अटींमध्ये लिहिल्याशिवाय या मार्गाला जाऊ नये. त्यांच्या कार्यालयामार्फत आपल्याला मिळणाऱ्या वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीचा लाभ घटस्फोटाच्या दिवशी संपेल, म्हणून स्वतंत्र आरोग्यविमा हुकूमनाम्याच्या आधीच घेऊन ठेवा. या वयात आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ विम्यात असतो, आणि तो जितका लवकर सुरू होईल तितके बरे.

मसुदा तयार झाल्यावर त्यात ‘निवृत्तिवेतनविषयक हक्क अबाधित’ असे वाक्य आढळले, तर ते खोडायला सांगा आणि त्या जागी किती रक्कम, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात, हे लिहून घ्या.